दोन ठिपक्यांची ओळख

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पावसाळा सरत आला, की भातपट्ट्यातल्या घरांतून एक अनुभव हमखास येतो. रात्री दिव्याखाली जेवायला बसावे आणि पाच मिनिटांत ताटाभोवती बारीक हिरवे किडे टुणटुण उड्या मारू लागावेत. एखादा आमटीत पडतो, एखादा मानेवर बसतो. आपण ‘चिलटे आली’ असे म्हणून दिवा मालवतो. पण ते चिलट नसते. तो तुडतुडा. बंगालात कालीपूजेच्या सुमारास दिव्यांवर झुंडीने येणाऱ्या याच किड्याला ‘श्यामापोका’ म्हणतात. आपल्याकडे त्याच्या उडीवरून त्याचे नाव पडले. बोट जवळ नेले, की तुडकन उडतो, तो तुडतुडा.

श्रोतेहो, आज मी तुमच्याशी बोलणार आहे तो भातावरच्या नव्हे, त्याच्या कपाशीवरच्या भावंडाविषयी. त्याची लांबी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याच्या निम्मी म्हणा. एवढ्याशा जिवावर रविवारच्या सकाळी पंधरा मिनिटे बोलायचे, याचे कुणाला हसू येईल. मात्र या किड्याची ओळख चुकली तर काय होते, हे मी स्वतःच्या घरात पाहिले आहे. तिथूनच सुरुवात करतो.

ही गोष्ट १९८८ सालची. मी तेव्हा कीटकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकत होतो. दिवाळीच्या सुट्टीत यवतमाळ जिल्ह्यात मामांकडे गेलो. मामांची सात एकर कोरडवाहू जमीन. त्यात कपाशी आणि कपाशीच्या ओळींमध्ये तूर. पहिला वेचा झाला होता. एरवी हिरवीगार दिसणारी पऱ्हाटी त्या वर्षी लालसर पडली होती. मामा मला बांधावर घेऊन गेले आणि म्हणाले, “तू किड्यायचंच शिकून रायला ना? मंग पाय बरं, माह्या पऱ्हाटीले काय झालं ते.”

मी दोन-चार झाडे हलवली. चार-सहा हिरवे किडे उडाले. पान उलटून पाहिले, तर एक किडा तिरका चालत शिरेआड गेला. पाने लाल, झाडावर तुडतुडे, आणि पुस्तकात लिहिलेले, की तुडतुड्यांनी रस शोषला म्हणजे पाने लाल होतात. मी छाती पुढे काढून सांगितले, “तुडतुडेच आहेत मामा. फवारणी करा.”

मामांनी भाच्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. कृषी केंद्रातून उधारीवर औषध आणले. मामीने विहिरीवरून डोक्यावर पाणी वाहिले. आठ दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या झाल्या. दुसऱ्या फवारणीनंतर मामा दोन दिवस डोके धरून पडून होते, पोटात अन्न ठरत नव्हते. आणि पाने? ती लालच राहिली.

सुट्टी संपल्यावर मी आमच्या सरांना हे सारे सांगितले. त्यांनी मला चार प्रश्न विचारले. पाने कडेने लाल झाली होती, की शिरांच्या मधल्या भागात? पानांच्या कडा खाली वळल्या होत्या का? लाली वरच्या कोवळ्या पानांवर होती, की खालच्या जून पानांवर? आणि एका पानामागे तुडतुडे किती होते? मला एकाही प्रश्नाचे नीट उत्तर देता आले नाही. सर शांतपणे म्हणाले, “तू नुकसान ओळखलं नाहीस. आणि खरं सांगायचं तर किडाही ओळखला नाहीस. ठिपके पाहिलेस का?”

पुढच्याच शनिवारी मी भिंग घेऊन मामांच्या शेतात परत गेलो. या वेळी मोजले. वीस झाडे, प्रत्येक झाडाची वरचे, मधले आणि खालचे अशी तीन पाने. फवारणी न केलेला एक कोपरा शिल्लक होता, तोही मोजला. तिथेही दोन-तीन पाने पाहावीत तेव्हा एखादा तुडतुडा. लाली होती ती खालच्या जून पानांवर, शिरांच्या मध्ये. पाने सरळ होती, वळलेली नव्हती. हा किड्यांचा प्रताप नव्हताच. हा ‘लाल्या’ होता. बोंडे भरू लागली, की झाडाची अन्नाची ओढ वाढते. त्यात जमिनीत मॅग्नेशियम किंवा नत्र कमी असले, ओलावा तुटला, रात्री गार पडू लागल्या, म्हणजे पाने लाल पडतात. त्यावर उपाय जमिनीचा आणि खताचा, मॅग्नेशियम सल्फेटचा. कीटकनाशक कितीही मारले, तरी लाल्याला त्याची काहीच फिकीर नसते.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी ध्यानात आली. पहिल्या दिवशी माझ्यासमोर उडालेल्या किड्यांपैकी बरेचसे कपाशीचे नव्हतेच, शेजारच्या तुरीवरचे होते. दिसायला तसेच हिरवे, तसेच लहान. पण त्यांच्या अंगावर ठिपके नव्हते.

मामा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, “दोन फवाऱ्यायचे पैसे गेले. पण तुले आता कळलं ना?” ते बोलले असते तर बरे, असे मला वाटले.

तर ही ठिपक्यांची भानगड काय आहे, ते सांगतो. तुडतुड्यांचे कुल फार मोठे. शास्त्रात त्याला सिकाडेलिडी म्हणतात. जगभरात या कुलातल्या वीस हजारांहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. एखादा किडा या कुलातला आहे की नाही, हे ओळखायची सर्वांत सोपी खूण म्हणजे त्याचे मागचे पाय. भिंगातून पाहिले, तर नडगीवर काट्यांच्या रांगा दिसतात, एखाद्या फणीसारख्या. या कुलातले किडे या काट्यांचा उपयोगही फणीसारखाच करतात. त्यांच्या शरीरात प्रथिनांचे अतिसूक्ष्म, जाळीदार गोळे तयार होतात. शास्त्रज्ञ त्यांना ब्रोकोसोम म्हणतात. ही पूड तुडतुडा पायांनी अंगभर पसरतो. त्यामुळे पाणी आणि स्वतःचीच चिकट विष्ठा अंगाला लागत नाही. आपण पावडर लावतो, तसाच प्रकार. फक्त त्याची पावडर घरची असते.

आता कपाशीवरचा तुडतुडा. रंग फिकट हिरवा, उन्हाळ्याकडे थोडा पिवळसर. अंग पाचरीसारखे, डोक्याकडे रुंद आणि मागे निमुळते. पुढचे पंख अर्धपारदर्शक. प्रत्येक पुढच्या पंखावर टोकाजवळ एकेक काळा ठिपका. आणि डोक्याच्या माथ्यावर, दोन डोळ्यांच्या मध्ये, दोन बारीक गडद ठिपके. पिल्लांना पंख नसतात. ती पानामागे शिरांच्या कडेने राहतात आणि हात लावला, की खेकड्यासारखी तिरकी पळतात. पांढरी माशी झाड हलवताच पिठासारखी उडते, मावा जागचा हलत नाही, फुलकिडे त्याहून बारीक. तिरके पळणारे पिल्लू दिसले, की ते तुडतुड्याचे समजावे. मादी अंडी घालते ती पानाच्या शिरेच्या आत, त्यामुळे ती डोळ्यांना दिसत नाहीत. अंड्यातून निघालेले पिल्लू पाच वेळा कात टाकते आणि मग पंखवाले होते.

त्याने केलेले नुकसानही वेगळे. तो पानामागून रस शोषतो आणि शोषताना आपली लाळ आत सोडतो. त्या लाळेने पानाच्या रसवाहिन्या बिघडतात. आधी पानाच्या कडा पिवळ्या पडतात, मग खाली वळतात, मग कडेकडून लाली आत सरकते आणि शेवटी कड करपल्यासारखी वाळते. लाल्या मधून सुरू होतो, तुडतुडा कडेकडून. एवढे एक वाक्य मला १९८८ साली ठाऊक असते, तर मामांचे दोन फवारे वाचले असते.

पण ठिपके पाहिले म्हणजे ओळख पूर्ण झाली का? शेतकऱ्याच्या कामापुरती झाली. शास्त्राच्या कामापुरती नाही. काही तुडतुड्यांचे ठिपके पुसट असतात, काहींचे जवळजवळ नसतात. मेलेल्या नमुन्यांचा हिरवा रंग पिवळा पडतो. आणि हिरव्या तुडतुड्यांच्या शेकडो जाती बाहेरून सख्ख्या भावांसारख्या दिसतात. मग शास्त्रज्ञ त्या ओळखतात कशा?

पहिल्यांदा प्रयोगशाळेत हे काम केले, तेव्हा माझे हात कापत होते. नर तुडतुडा घ्यायचा. कागदाच्या एका लहान त्रिकोणाच्या टोकाला तो डिंकाने चिकटवायचा आणि त्या त्रिकोणातून टाचणी टोचायची. त्याआधी त्याच्या पोटाचा मागचा भाग सुईने अलगद वेगळा करायचा. तो कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात गरम करायचा म्हणजे मांसल भाग विरघळतो आणि आतला कठीण सांगाडा उरतो. मग तो पाण्यात धुऊन ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. नराच्या जननेंद्रियाचे बारीक भाग तिथे दिसतात. त्यांचे काटे, वळणे, टोके प्रत्येक जातीत वेगळी. बाहेरून एकसारखे दिसणारे दोन तुडतुडे इथे मात्र एकमेकांपासून साफ वेगळे निघतात. म्हणून नुसती मादी हाती लागली, तर तज्ज्ञही पुष्कळदा जातीचे नाव लिहायला तयार होत नाही. वंशापर्यंत येऊन थांबतो. थांबता येणे हीही एक विद्या आहे, हे मी तिथे शिकलो. आता जनुकाचा एक ठरावीक तुकडा वाचूनही जात ओळखता येते आणि त्याने मादी व पिल्लांची मोठी सोय झाली आहे. पण तो तुकडा ताडून पाहायला आधी कुणीतरी नीट ओळखून ठेवलेला नमुना लागतोच.

सांगाड्याचा तो भाग नंतर ग्लिसरीन भरलेल्या बारीक कुपीत घालून त्याच टाचणीला लावतात. खाली चिठ्ठी : गाव, तारीख, कोणत्या झाडावर मिळाला, कुणी पकडला. चिठ्ठी नसलेला किडा कितीही देखणा असला, तरी शास्त्राला त्याचा फारसा उपयोग नाही. आणि जात नवी असेल, तर वर्णन लिहिणारा एक नमुना निवडतो आणि तो कायमचा संग्रहालयात ठेवतो. त्या जातीच्या नावाचा तोच मूळ पुरावा. पुढे पन्नास वर्षांनी कुणाला शंका आली, तर त्याने तो नमुना काढून पाहायचा. आपल्या देशात तुडतुड्यांच्या या अभ्यासाला बंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठातले प्रा. सी. ए. विरक्तमठ यांनी अनेक दशके दिली. त्यांनी कितीतरी नव्या जातींची वर्णने लिहिली आणि जुन्या नावांचा गुंता सोडवला.

गुंता म्हणजे काय, ते आपल्याच कपाशीच्या तुडतुड्यावरून पाहा. विल्यम डिस्टंट या इंग्रज अभ्यासकाने ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेच्या १९१८ च्या खंडात भारतातल्या या तुडतुड्याचे वर्णन केले आणि त्याला ‘एम्पोआस्का डेव्हास्टन्स’ असे नाव दिले. डेव्हास्टन्स म्हणजे उद्ध्वस्त करणारा. पण त्याच्या काही वर्षे आधीच इशिदा या जपानी अभ्यासकाने तैवानातल्या तुडतुड्याला ‘बायगुट्टुला’ हे नाव दिले होते. त्याचा अर्थ दोन लहान थेंबांचा, म्हणजेच दोन ठिपक्यांचा. पुढे तपासाअंती दोन्ही एकाच जातीचे ठरले. प्राणिशास्त्राचा नियम असा, की आधीचे नाव चालते. म्हणून डिस्टंटचे नाव मागे पडले. दरम्यान १९६७ साली घौरी यांनी आंब्यावरच्या एका तुडतुड्यावरून ‘आम्रास्का’ हा नवा वंश केला होता. नावातला आम्र तुमच्या कानाला लगेच लागला असेल. कपाशीचा तुडतुडाही पुढे याच वंशात आला आणि आज त्याचे नाव ‘आम्रास्का बायगुट्टुला’ असे आहे.

मला या दोन नावांचे नेहमी नवल वाटते. एक नाव त्याने केलेला नाश सांगते, दुसरे त्याला ओळखायची खूण सांगते. नियमाने टिकले ते खुणेचे नाव. शेतकऱ्याच्या उपयोगाचे तेच आहे.

कुणी म्हणेल, नावात काय आहे? फवारा तर फवाराच. तसे नाही. आफ्रिकेतल्या कपाशीवर तुडतुड्याची एक वेगळी जात फार पूर्वीपासून आहे. २०२२ च्या हंगामात पश्चिम आफ्रिकेतल्या अनेक देशांत कपाशी अचानक करपली, तेव्हा तपासात आढळले, की हा नेहमीचा तुडतुडा नाही. आपल्याकडचा दोन ठिपक्यांचा तुडतुडा तिथे पोहोचला होता. पुढे २०२३ मध्ये तो पोर्तो रिकोत सापडला, २०२४ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडात आणि २०२५ मध्ये तिथल्या दक्षिणेकडच्या आणखी राज्यांत. तिथले शेतकरी आता त्याला ‘टू-स्पॉट’ म्हणून ओळखायला शिकत आहेत. आपल्या घरची जुनी कीड कुणाच्या घरी नवी असते. ती कोणती आहे हे वेळेवर कळले, तरच तिच्याविषयी आधी लिहून ठेवलेले ज्ञान कामी येते.

आपल्याकडचा इतिहासही बोलका आहे. देशी कपाशीला हा तुडतुडा फारसा त्रास देत नाही. अमेरिकन कपाशी आली आणि तो मोठी कीड झाला. दक्षिण आफ्रिकेत बार्बर्टनच्या केंद्रावर १९२० च्या दशकात पार्नेल यांनी पाहिले, की ज्या झाडाच्या पानांवर लव अधिक, त्यावर तिथला तुडतुडा टिकत नाही. त्यातून त्यांनी ‘यू-४’ हे वाण निवडले. आपल्याकडेही लवदार वाणांचा हा गुण कामी आला. मात्र लवदार पानावर पांढरी माशी अधिक रमते. शेतीत एक दार लावले, की दुसरे थोडे किलकिले होते. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बीटीतले प्रथिन बोंडअळ्यांसाठी. रस शोषणाऱ्या किडींवर त्याचा परिणाम नाही. अळीसाठीचे फवारे कमी झाले; पण बाजारात आलेल्या अनेक संकरित वाणांवर तुडतुडे भरपूर येऊ लागले. त्यासाठी बियाण्याला औषध चोळून येऊ लागले. पुढे त्या औषधांनाही तुडतुडे दाद देईनासे झाले. मग पुन्हा फवारे, दोन-दोन औषधे एकत्र करून.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातून बातम्या येऊ लागल्या. फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो रुग्णालयांत होते. त्या बातम्या वाचताना मला १९८८ सालचे मामा आठवले. डोके धरून पडलेले. त्यांना तसे पाडणारा फवारा मीच सांगितला होता आणि त्याची गरजच नव्हती. २०१७ च्या त्या मृत्यूंना कारणे अनेक होती. सगळा दोष ओळखीच्या चुकीवर टाकणे बरोबर होणार नाही. पण गरज नसलेला प्रत्येक फवारा हा कुणाच्या तरी पाठीवरच्या पंपातून, कुणाच्या तरी नाकातोंडासमोरूनच जातो. तो एक जरी टळला, तरी भिंगाचे पैसे वसूल झाले.

म्हणून शेतकरी श्रोत्यांना माझी विनंती अशी. औषधाच्या दुकानात जाण्याआधी शेतात जा. एक साधे भिंग जवळ ठेवा. आठवड्यातून एकदा, सकाळी, वीस झाडांची तीन-तीन पाने हळूच उलटून तुडतुडे मोजा. पानामागे सरासरी दोन-तीन तुडतुडे असतील आणि पानांच्या कडा पिवळ्या पडून वळू लागल्या असतील, तरच पुढचा विचार करा आणि कृषी विद्यापीठाचा सल्ला घ्या. तेवढे नसतील, तर थांबा. कोळी, ढालकिडे आणि क्रायसोपाच्या अळ्या तुमचे काम फुकटात करत असतात. फवाऱ्याने आधी मरतात ते तेच. आणि शहरातल्या श्रोत्यांना एवढेच सांगतो, की कुंडीतल्या भेंडीचे किंवा वांग्याचे पान उलटून पाहा. हाच पाहुणा तिथेही भेटेल.

मामा आता नाहीत. त्यांचा नातू ती शेती करतो. गेल्या हंगामात त्याने मोबाइलवर पानांची छायाचित्रे पाठवली. मी काही विचारायच्या आधीच खाली लिहिले होते : साठ पाने पाहिली, तुडतुडे एकूण एकवीस, ठिपके आहेत, कडा सरळ आहेत. आणि शेवटी प्रश्न : “आजोबा, आता फवारा नाही मारला तर चालते ना?”

मी उत्तर पाठवले, “चालते.”